स्टिअरिंगमागची कंबर: गाडी चालवताना परवान्याचं शस्त्र कुठे असावं?

शस्त्र परवान्याबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते तो मिळणार की नाही एवढ्यापुरतं. अर्ज, पोलीस चौकशी, सुनावणी, हेलपाटे यांतून माणूस पार पडला की दुकानातून .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतो, दुकानदार देईल ते काळं कव्हर कमरेला लावतो आणि प्रश्न मिटला असं समजतो. ते कव्हर, म्हणजे होल्स्टर, कुठल्या जागी असावं, कशाचं असावं, बसल्यावर त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात हा प्रश्न बसण्याचाच आहे. इथला परवानाधारक कारखानदार असो, वाहतूकदार, सोनार किंवा निवृत्त जवान, तो पायी फारसा फिरत नाही. घर पालघरला, कारखाना तारापूर एमआयडीसीत, एखादं काम वसईला, माल वापीला. चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागलं की घोडबंदरकडे जा किंवा अच्छाडकडे, दिवसाचे दोन-तीन तास गाडीत जातात. होल्स्टर निवडलं जातं आरशासमोर उभं राहून आणि वापरलं जातं सीटवर बसून. या दोन स्थितींत जो फरक पडतो, त्याविषयी आज काय काय मतं आहेत आणि त्यांतलं काय पटण्यासारखं आहे, याचा हा आढावा.

नियम काय मागतो

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली आधी १९६२ चे नियम होते. २०१६ साली त्यांची जागा नव्या शस्त्र नियमांनी घेतली. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसं बाळगावं हे या नव्या नियमांनी स्पष्ट केलं. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अथवा त्यासारख्या आवरणात असावं, ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. आवरण, झाकण आणि ताबा या तीन अटी झाल्या. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ यांतच आहे, कारण उभं असताना तिन्ही अटी सहज पाळता येतात आणि गाडीत बसलं की त्या एकमेकींच्या आड येऊ लागतात.

अधिनियमाच्या कलम १९ नुसार पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ च्या नियमांनी अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षणही आणलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समिती सांगेल त्या परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, म्हणजे ते दिवस होल्स्टर रिकामंच.

पालघरकरांसाठी याला हद्दींचा पदर आहे. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारचा भाग मीरा-भाईंदरसोबत पोलीस आयुक्तालयात गेला. त्यामुळे बोईसरच्या माणसाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि विरारच्या माणसाचा आयुक्तालयाचा. त्याहून महत्त्वाची हद्द उत्तरेला आहे. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर अच्छाडचा सीमेवरचा नाका ओलांडून वापीला किंवा सिल्वासाला शस्त्र घेऊन जाणं हा अटीचा भंग ठरतो. बोईसरहून वापीला जाणारा माणूस ही सीमा जेवणाच्या वेळेत ओलांडून परतही येतो आणि कमरेला काय आहे हे त्याच्या ध्यानातही नसतं. होल्स्टरचा विचार करण्याआधी परवान्याच्या पुस्तकातला क्षेत्राचा रकाना उघडून वाचावा, असं मी कळकळीने सांगेन.

खोगीर आणि कंबर

शस्त्र अंगावर की वाहनावर, हा वाद मोटारीपेक्षा जुना आहे. युरोपातल्या घोडदळाची जड पिस्तुलं स्वाराच्या कमरेला नसत, ती खोगिराच्या पुढच्या बाजूला अडकवलेल्या चामडी नळकांड्यांत असत. होल्स्टर हा शब्द मुळात त्या नळकांड्यांचा. घोडा उधळला किंवा स्वार पडला की पिस्तूल घोड्याबरोबर जाई. आपल्याकडे तलवार डाव्या कमरेला आणि कट्यार शेल्यात, म्हणजे दोन्ही अंगावरच. पुढे रिव्हॉल्व्हर हलकं झालं तसं तेही कमरेवर आलं. आज कानपूरच्या आयुध निर्माणीचं २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ जेमतेम अर्धा किलोचं आहे. ९ मिलिमीटरसारखे फौजेचे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक शस्त्रं .३२ ची आणि अंगावर वागवता येतील अशाच वजनाची आहेत. अडचण वजनाची नसून मोटारीच्या सीटची आहे.

उजवीकडचं स्टिअरिंग आणि परदेशी सल्ला

गाडी चालवताना होल्स्टर कसं असावं, यावरचा बहुतेक सल्ला अमेरिकेतून येतो. तिथे शस्त्र बाळगणारे पुष्कळ आणि गाडी चालवणारेही पुष्कळ. व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक तेच मागवतात. पण एक साधी गोष्ट निसटते: तिथे स्टिअरिंग डावीकडे आहे.

अमेरिकन चालकाचा सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि उजव्या कमरेशी, दोन सीटच्या मध्ये, खटक्यात बसतो. उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कमरेला पिस्तूल लावलं तर ते नेमकं त्या खटक्याला भिडतं. बेल्ट सोडायला गेलेला हात पिस्तुलाच्या मुठीवर पडतो, खटका होल्स्टरमध्ये रुततो. म्हणून तिथले अनेक जण डाव्या कमरेला, मूठ पुढे करून, आडव्या हाताने काढायचं होल्स्टर सुचवतात. डावी बाजू तिथे दाराची. खटका नाही, शेजारी कोणी बसलेलं नाही, नळीचं तोंड दाराकडे.

आपल्याकडे हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटतं. आपला पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि खटका डाव्या कमरेशी, हँडब्रेकच्या बाजूला. तो अमेरिकन सल्ला इथे जसाच्या तसा पाळला तर पिस्तूल खटक्याशेजारी येईल आणि नळीचा रोख डावीकडे, जिथे घरचं माणूस बसलेलं असतं. उजव्या कमरेला लावलेलं होल्स्टर मात्र आपल्याकडे खटक्यापासून दूर राहतं. बेल्ट सोडणारा डावा हात शस्त्राच्या आसपासही जात नाही. हा आपल्या रचनेचा खरा फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही, कारण सांगणारे दुसऱ्या बाजूला बसलेले असतात. डावखुऱ्या माणसाला अर्थात इथे अमेरिकन उजव्याची अडचण सोसावी लागते.

यातही एक पेच आहे. आपल्याकडचे अनेक कारखानदार स्वतः गाडी चालवत नाहीत, ड्रायव्हर ठेवतात आणि मागे डावीकडे बसतात. त्या जागी पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि खटका उजव्या कमरेशी. म्हणजे सकाळी स्वतः गाडी चालवताना जे होल्स्टर सोयीचं होतं, तेच संध्याकाळी मागच्या सीटवर खटक्यावर चढतं. एकच माणूस, एकच शस्त्र, बसायची जागा फक्त बदलली.

पट्टा आधी

४ सप्टेंबर २०२२ ला याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. आमच्या भागात त्यानंतर मागच्या सीटचा पट्टा हा विषय घराघरांत बोलला गेला. होल्स्टरच्या आढाव्यात ही घटना मी आणतो, कारण कमरेवरचं शस्त्र आणि पट्टा यांची जागा एकच आहे.

पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या वर, घट्ट बसला पाहिजे. तो पोटावर चढला तर धक्क्याचा सगळा भार मऊ अवयवांवर येतो. होल्स्टर त्या हाडाच्या पुढे असेल तर पट्टा त्याच्यावरून जातो, उचलला जातो आणि सैल राहतो. धक्का बसला की तोच अर्धा किलोचा धातू पट्ट्याखाली दाबला जाऊन हाडात घुसू शकतो.

हे समजून घेण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. सुताराकडून रिव्हॉल्व्हरच्या आकाराचा लाकडी तुकडा करून घेतला, त्यात शिसं भरून वजन सारखं केलं आणि नात्यातल्या एका निवृत्त जवानाच्या जुन्या चामडी होल्स्टरमध्ये तो बसवला. उजव्या कमरेला लावून पालघरहून उमरोळीमार्गे बोईसरला छोट्या गाडीने गेलो. होल्स्टर थोडं पुढे, खिशाच्या रेषेवर असताना पट्टा दोन बोटं वर उचलला गेला. मागे, पाठीच्या बाजूला सरकवलं तेव्हा पट्टा बरोबर बसला, पण सीटची कड तुकड्याला मणक्याच्या शेजारी दाबत राहिली आणि प्रत्येक खड्डा तिथे जाणवला. बरोबर बाजूला, पँटच्या शिवणीवर, दोन्ही त्रास कमी झाले, गेले नाहीत. शस्त्रासाठी पट्टा सैल करायचा की पट्ट्यासाठी शस्त्राची जागा बदलायची, यात पहिला पर्याय मी तरी मोजणार नाही.

इतर जागा

पोटाच्या पुढे, पँटच्या आत लावायचं होल्स्टर अलीकडे तरुणांत आवडतं झालं आहे. झाकायला सोपं आणि बसल्यावर हाताशी. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही: पाठीला टोचत नाही, शर्ट थोडा वर केला की मूठ सापडते. पण बसलेल्या माणसाच्या पोटापुढच्या शस्त्राची नळी मांडीकडे किंवा जांघेकडे रोखलेली असते आणि मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. शिवाय पट्टा नेमका तिथूनच जातो. सपाट पोटाच्या माणसाला हे जमेल, चाळिशीनंतरच्या बहुतेकांना जमणार नाही.

खांद्यावरून काखेत लटकणारं होल्स्टर चालकाला आरामाचं असतं, कमर मोकळी राहते. आडव्या प्रकारात मात्र नळीचं तोंड मागे बसलेल्यांकडे असतं. त्यावर जाकीट हवं आणि मे महिन्यात बोईसरला जाकीट घालणारा माणूस लपत नाही, उठून दिसतो. आमच्याकडे झाकण्यासाठी खरं उपयोगी पडतं ते बाहेर सोडलेला सैल शर्ट किंवा सफारी. सफारीचा कोट कमरेखाली जातो आणि दोन्ही बाजूंना चिरलेला असतो, त्यामुळे बसल्यावर तो आखडत नाही. पोलीस बंदोबस्तातले जुने अंगरक्षक सफारी घालत ते काही शोभेसाठी नव्हे.

पायाच्या घोट्यावरचं होल्स्टर उजव्या हाताचा माणूस डाव्या पायाच्या आतल्या बाजूला लावतो. ऑटोमॅटिक गाडीत तो पाय रिकामा असतो. आपल्याकडच्या गिअरच्या गाडीत तोच पाय क्लचवर असतो, आणि बोईसरच्या गर्दीत तो मिनिटाला कितीदा खाली-वर होतो हे तिथे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. होल्स्टर पेडलला अडकलं तर धोका शस्त्राचा नसून अपघाताचा आहे.

राहिल्या गाडीतल्या जागा: डॅशबोर्डचा कप्पा, दाराचा खण, सीटखाली, स्टिअरिंगखाली चिकटवलेलं लोहचुंबक. लोहचुंबकावर चाप उघडा राहतो, एवढ्या एकाच कारणाने ते बाद व्हावं. कप्प्यातलं सुटं शस्त्र धक्क्यात उडतं. आणि गाडी धुवायला, सर्व्हिसिंगला, पार्किंगवाल्याच्या हाती गेली की ताब्याची अट संपते. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, ही भीती पुस्तकी नाही.

कशाचं असावं

चामडं अंगाला मऊ लागतं, शर्ट फाडत नाही, आणि वर्षानुवर्षं आपल्याकडे तेच चालत आलं आहे. पण आमची हवा समुद्राची. तारापूरला एका बाजूला खारा वारा, दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखान्यांची वाफ. चामडं घाम पितं आणि तो पोलादाला देतं. चामडी पट्ट्यात महिनोन्महिने ठेवलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर धरतो, तो अनेकांनी पुसून काढला असेल. जुनं चामडं मऊ पडलं की तोंड मिटतं आणि शस्त्र परत ठेवताना त्याची घडी चापाच्या कड्यात शिरू शकते. साच्यात घडवलेलं कडक प्लास्टिक घाम पीत नाही, आकार सोडत नाही, चाप पूर्ण झाकतं. मात्र ते कमरेला टोचतं, आणि एका मॉडेलसाठी केलेलं दुसऱ्याला बसत नाही. आपल्या .३२ च्या देशी शस्त्रांसाठी मापाचं मिळवणं कठीण जातं. कापडी नायलॉनचं स्वस्त, सैल, सगळ्यांना ‘बसणारं’ होल्स्टर सर्वाधिक खपतं. त्याच्याविषयी माझं मत वाईट आहे. जे सगळ्यांना बसतं ते कोणालाच घट्ट धरत नाही.

पदार्थ कुठलाही असो, तीन गोष्टी हव्यात: चाप पूर्ण झाकलेला, उलटं करून हलवलं तरी रिकामं शस्त्र पडू नये अशी पकड, आणि होल्स्टर शस्त्रासकट कमरेवरून काढता-लावता येईल अशी सोय. तिसरीचं महत्त्व १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत दिसलं. अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर जागेवर ठेवत असताना ते हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्या पायात शिरली, असं त्या वेळी सांगण्यात आलं. शस्त्र हाताळण्याचे क्षण हेच धोक्याचे क्षण. टोचतं म्हणून गाडीत बसताना ते होल्स्टरमधून काढून मांडीशेजारी ठेवणं आणि उतरताना परत खोचणं, हे दिवसातून चारदा केलं तर धोका चौपट होतो. काढायचंच असेल तर होल्स्टरसकट काढावं.

तीन मतं

आज या प्रश्नावर मला तीन मतं दिसतात आणि तिन्हींमागे विचार आहे.

पहिलं मत: शस्त्र अंगावरच राहावं, गाडी असो की घर. ताबा म्हणजे अंगावर, बाकी सगळी पळवाट. सैन्यातून आलेले बहुतेक याच मताचे असतात. दुसरं मत: चालताना अंगावर, चालवताना शरीराशी बांधलेल्या बॅगेत किंवा सीटच्या चौकटीला बोल्टने बसवलेल्या कुलूपबंद पेटीत, म्हणजे पट्टाही नीट बसतो. तिसरं मत सगळ्यांत जुनं आणि व्यवहारी: चालकाने शस्त्र बाळगूच नये. या तिसऱ्या मताला कायद्यात एक आधार सापडतो. रोकड नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्राने २०१८ मध्ये केलेल्या नियमांत प्रत्येक गाडीत चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक सांगितले आहेत. बोईसरच्या एटीएमसमोर उभ्या राहणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर स्टिअरिंग सोडत नाही, बंदूक घेऊन उतरतो तो दुसरा माणूस. एकाच हाताने दोन्ही कामं होणार नाहीत, हे तिथे गृहीत धरलं आहे.

माझा कल पहिल्या मताकडे आहे, तिसऱ्याला मान देऊन. ज्याला ड्रायव्हर ठेवणं परवडतं आणि ज्याला खरा धोका आहे, त्याने चालवू नये. ज्याला चालवावंच लागतं, त्याने उजव्या कमरेला, शिवणीवर, चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये ठेवावं, पट्टा आधी घट्ट बसवावा आणि मगच शर्ट वरून सोडावा. हात शस्त्राकडे लवकर कसा जाईल, याला मी यादीत शेवटचं स्थान देतो. महामार्गावर अडवल्या गेलेल्या चालकाचं पहिलं साधन ॲक्सिलरेटर आहे.

न सुटलेलं

‘परिणामकारक ताबा’ या शब्दांत गाडीतली कुलूपबंद पेटी येते का, हे नियमाच्या मजकुरातून स्पष्ट होत नाही. चालक आत असताना येते असं मानलं, तरी तो उतरल्यावर? तारापूर पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. रासायनिक कारखान्यात ज्वलनशील वायू असतात, फाटकावर काडेपेटीही काढून घेतली जाते. अणुऊर्जा केंद्राला तर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा. बँकेत, न्यायालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र घेऊन जाता येत नाही. मग दिवसभर गाडीतच राहिलं तर झाकलेलं आहे, आवरणात आहे, ताब्यात नाही.

झाकण्याचा प्रश्नही वाटतो तितका सुटलेला नाही. माझ्या प्रयोगाच्या दिवशी बोईसर स्टेशनजवळ गाडी लावून पट्टा सोडला, दार उघडलं आणि पाय खाली टाकला. पट्टा मागे सरकताना त्याने शर्टाची कड सोबत ओढली होती. ती होल्स्टरच्या मागे अडकून राहिली आणि तुकड्याची मूठ उघडी पडली. टपरीवरच्या चहावाल्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून कमरेवर गेली आणि तिथेच थांबली. मी परत आत बसलो, दार लावलं, शर्ट सोडवला आणि मग उतरलो.